दगडाचे नाव, दगडाचे गाव

आपल्याकडे नवीन माणूस भेटला की त्याला दोन गोष्टी विचारतात. नाव काय, आणि गाव कोणते? नुसत्या नावाने कोणाचेच समाधान होत नाही. एका नावाची दहा माणसे असतात. नावाला गाव जोडले की माणसाचा पत्ता लागतो, नात्यागोत्याचा एखादा धागा सापडतो आणि मग बोलणे पुढे सरकते. दगडाच्या बाबतीतही हाच नियम आहे असे मी म्हटले तर वाचक हसतील. परंतु गेल्या वर्षभरात ग्रंथालयात बसून जे थोडेफार वाचले, त्यावरून माझे असे मत झाले आहे की, दगडाची ओळख पटवायची तर त्याला नाव देणारा पंडित जितका लागतो, तितकाच त्याचे गाव लिहून ठेवणारा हौशी माणूसही लागतो. या दुसऱ्या माणसाला आपण फार कमी लेखतो. 'हौशे, नवशे, गवशे' म्हणून त्याला जत्रेतल्या गर्दीत ढकलून देतो. हा लेख त्याच्या बाजूने लिहिला आहे.

कला शाखेच्या मुलीने दगडांत डोके का घालावे, असे मैत्रिणींनी मला विचारलेच आहे. त्याचे उत्तर सोपे आहे. मी पाथरवटाची मुलगी आहे. आमच्या घरात दगड हा भाकरीइतकाच रोजचा विषय. भूगोलासाठी एक पुस्तक चाळताना त्यात एका दगडाचे चित्र दिसले. अंजिरासारखा गोल, खाली देठ, वरच्या टोकाला खळगा. खाली लिहिले होते, 'जीवाश्म स्पंज, वॉर्मिन्स्टर, इंग्लंड.' स्पंज म्हणजे मऊ, पाणी शोषणारी वस्तू एवढेच मला ठाऊक होते. ती दगड कशी होईल, या कुतूहलाने मी पुढे वाचत गेले आणि त्या दगडांच्या मागे मला एक बाई भेटली.

तिचे नाव एथेलड्रेड बेनेट. इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यात टिसबरीजवळच्या एका जमीनदार घराण्यात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिचा जन्म झाला. वॉर्मिन्स्टरजवळच्या नॉर्टन बाव्हंट या खेड्यात तिचे बहुतेक आयुष्य गेले. तिने लग्न केले नाही. १८४५ साली ती वारली. सोयऱ्यांपैकी एल्मर लँबर्ट नावाचे एक वनस्पतिशास्त्रज्ञ होते, त्यांच्या प्रोत्साहनाने तिला जीवाश्म गोळा करण्याचा नाद लागला, तो अखेरपर्यंत सुटला नाही. तिच्या काळी इंग्लंडमधल्या विद्यापीठांचे दरवाजे स्त्रियांना बंद होते. लंडनची भूवैज्ञानिक संस्था १८०७ साली स्थापन झाली, पण तिने स्त्रियांना सभासद करून घेतले ते १९१९ साली, म्हणजे बेनेटच्या मृत्यूनंतर ७४ वर्षांनी. पदवी नाही, सभासदत्व नाही, पगार तर नाहीच. अशा बाईने वॉर्मिन्स्टरच्या माळावर आणि आसपास सापडलेल्या स्पंजांची चित्रे १८१६ साली याच संस्थेकडे पाठविली. टिसबरीजवळच्या चिक्सग्रोव्ह येथील खाणीतले थर एकावर एक कसे आहेत, कोणता किती जाड आहे, याचे मोजमाप तिने करवून घेतले. १८३१ साली तिने विल्टशायरमधल्या जीवाश्मांची एक सूची छापून प्रसिद्ध केली. कोणती वस्तू कुठे मिळाली, हे त्या सूचीचे मुख्य अंग आहे.

आता त्या दगडांविषयी. वॉर्मिन्स्टरच्या परिसरात एक हिरवट छटेचा वालुकाश्म आहे. ग्लॉकोनाइट नावाच्या खनिजामुळे त्याला तो रंग येतो. सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी त्या जागी समुद्र होता आणि त्याच्या तळाशी स्पंज वाढत होते. त्यांतले काही देठावरच्या अंजिरासारखे, काही पेल्यासारखे, काही फांद्या फुटलेले. बेनेटने ते गोळा केले तेव्हा त्यांना 'अल्सायोनिया' म्हणत. पोवळ्यांच्या मऊ भाऊबंदांचे हे नाव होते, आणि जे कशातच बसत नाही ते सगळे त्या नावाखाली टाकण्याची तेव्हा पद्धत होती. त्यात नवल नाही. जिवंत स्पंज ही वनस्पती की प्राणी, याचाच निकाल तोवर लागलेला नव्हता. रॉबर्ट ग्रँट या एडिंबरोच्या अभ्यासकाने जिवंत स्पंज पाण्यात ठेवून तासन् तास पाहिला, आणि पाणी बारीक छिद्रांतून आत जाते व मोठ्या तोंडातून बाहेर पडते, हे १८२५ च्या सुमारास दाखवून दिले. त्यानंतर स्पंज हा प्राणी आहे हे मत हळूहळू पक्के होत गेले. म्हणजे बेनेटने चित्रे काढून पाठविली तेव्हा पंडितांनाही जिवंत स्पंजाची नीट ओळख नव्हती. मग कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेल्याची कुठून असणार?

आज असा दगड कोणी आणून दिला तर तो कसा ओळखतात, हे मला फार मनोरंजक वाटले. पहिला प्रश्न, हा जीवाश्म आहे की नुसताच दगड? चकमकीच्या दगडाच्या गाठी कोणताही आकार घेतात. कोणाला त्यात पाय दिसतो, कोणाला पक्षी. तेव्हा आकार पाहून हुरळून जायचे नाही. दुसरा प्रश्न छिद्रांचा. बारीक छिद्रे बाहेरून आत जातात का? मधे एखादी पोकळी आहे का, आणि तिचे तोंड वर उघडते का? पोवळे असेल तर त्याच्या प्रत्येक वाटीत बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे पातळ पडदे दिसतात. स्पंजात तसे पडदे नसतात. हे सगळे साध्या भिंगाने पाहता येते.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड, तो सांगाड्याचा. पुष्कळशा स्पंजांच्या अंगात बारीक काट्यांसारखे भाग असतात, त्यांना कंटिका म्हणतात. काही स्पंजांच्या कंटिका चुन्याच्या असतात, काहींच्या सिलिकेच्या, म्हणजे काचेच्याच जातीच्या. कंटिकांना किती किरण आहेत आणि ते कोणत्या कोनात निघतात, यावरून स्पंजाचे कूळ ठरते. एकमेकांना काटकोनात असणारे सहा किरण असले तर तो काचस्पंज. वेड्यावाकड्या, एकमेकींत गुंतलेल्या कंटिकांची वीण असली तर कूळ वेगळे. बहुतेक तीन किरणांच्या आणि चुन्याच्या कंटिका असल्या तर आणखी वेगळे. पण येथे एक गंमत आहे. स्पंजाची सिलिका जमिनीत विरघळते. ती वाहून जाऊन दुसरीकडे चकमकीच्या गाठी बनतात, आणि रिकाम्या झालेल्या जागेत चुना किंवा लोहाचा गंज येऊन बसतो. उलट चुन्याच्या स्पंजाची जागा सिलिका घेते, असेही घडते. म्हणून आम्लाचा थेंब टाकून फेस आला की 'हा चुन्याचा स्पंज' असे म्हणता येत नाही. दगडाचा कागदासारखा पातळ काप काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. पदार्थ बदलला तरी किरणांची संख्या आणि कोन पुष्कळदा टिकून राहतात.

हे वाचताना मला माझ्या वडिलांची आठवण झाली. ते दगड निवडताना रंगावर जात नाहीत. हातोडीने ठोकून पाहतात. आवाज खणखणीत आला तर दगड सलग, बद्द आला तर आत चीर आहे. बाहेरून दोन्ही दगड सारखेच दिसतात. जात्याला टाकी लावताना दगडाची नस कुठून जाते ते त्यांना बोटांनी कळते. सूक्ष्मदर्शक त्यांनी पाहिलेला नाही. पण वरच्या रूपावर विश्वासू नये, आतली गोष्ट काय आहे ते तपासावे, हा नियम दोघांचा एकच आहे. विज्ञान म्हणजे काहीतरी आकाशातून पडलेली विद्या आहे असे शाळेत वाटत असे. हाताने काम करणाऱ्यांच्या सवयीच तेथे अधिक काटेकोर झालेल्या असतात, असे आता वाटते.

पण काटेकोर तपासणी करूनही पंडितांनी दिलेली नावे किती बदलली, ते पाहण्यासारखे आहे. ससेक्समधल्या ल्यूइस गावी गिडियन मँटेल नावाचा डॉक्टर होता. जोडे शिवणाऱ्याचा मुलगा. रोगी तपासून उरलेल्या वेळात तो खडूच्या पांढऱ्या खडकातून जीवाश्म काढी. पेल्यासारख्या किंवा नरसाळ्यासारख्या एका जीवाश्माचे वर्णन त्याने १८१५ साली प्रसिद्ध केले, तेव्हा त्याने त्याला अल्सायोनियमच म्हटले. १८२२ साली त्याने त्याचे नाव बदलून 'व्हेंट्रिक्युलाइट्स' ठेवले. व्हेंट्रिक्युलस म्हणजे लॅटिन भाषेत लहान पोट. पुढे टूलमिन स्मिथ नावाच्या एका वकिलाने या जीवाश्मांची वीण भिंगाखाली बारकाईने अभ्यासली आणि १८४७-४८ च्या सुमारास मत दिले की, हा स्पंज नव्हेच, हा शेवाळासारख्या वसाहती करून राहणाऱ्या निराळ्याच प्राणिवर्गातला आहे. वीण त्याने अचूक पाहिली होती, अर्थ मात्र चुकला. मग १८६८ आणि १८६९ साली 'लाइटनिंग' व 'पोर्क्युपाइन' या जहाजांनी अटलांटिकचा खोल तळ खरवडून काढला, तेव्हा जिवंत काचस्पंज वर आले. त्यांची वीण पाहून वायव्हिल थॉमसन या शास्त्रज्ञाला खडूतल्या व्हेंट्रिक्युलाइट्सची आठवण झाली. १८७७ पासून म्यूनिकच्या कार्ल झिट्टेलने सूक्ष्मदर्शकाने कंटिका तपासून जीवाश्म स्पंजांची घडी बसविली. ज्याला ६० वर्षे कधी पोवळ्याचा भाऊ तर कधी आणखी काही म्हटले गेले, तो सहा किरणांचा काचस्पंज ठरला.

अमेरिकेतली एक गोष्ट याहून मोठी आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या खडकांत चौकड्यांच्या नक्षीचे, गाठागाठींचे, निमुळते जीवाश्म मिळतात. टिमथी कॉनरॅड या नामांकित अभ्यासकाने १८४२ साली त्याला 'हिडनोसेरास' असे नाव दिले. त्याला तो म्हाकुळाच्या कुळातला शंखधारी प्राणी वाटला होता. 'सेरास' म्हणजे शिंग. पुढे तो काचस्पंज निघाला. परंतु नामकरणाच्या नियमाप्रमाणे पहिले नाव टिकते, त्यामुळे बिचारा स्पंज अजूनही शिंगाचे नाव मिरवतो.

हौशी माणसांचेही अंदाज चुकतात, हे मी नाकारीत नाही. खडूत एक गोटीएवढा स्पंज मिळतो, पोरोस्फेरा त्याचे नाव. पुष्कळदा त्याला आरपार भोक असते. बेडफर्डजवळच्या नदीच्या जुन्या गाळात दगडी हत्यारांबरोबर असे गोळे मिळाले, तेव्हा जेम्स वायट या संग्राहकाने १८६२ साली ते आदिमानवाचे मणी असावेत असे सुचविले. गोळे स्पंजाचेच आहेत, आणि त्यांना भोके निसर्गतःही असतात. आदिमानवाने ते मुद्दाम वेचून ओवले होते का, याबद्दल आजही एकमत नाही. पण हा वाद अजून घालता येतो तो कशामुळे? ते गोळे कुठे, कशाच्या सोबत मिळाले याची नोंद झाली म्हणून. नोंद नसती तर एका पेटीत भोकाच्या गोट्या उरल्या असत्या, आणि त्यांना विचारण्यासारखे काहीच राहिले नसते.

माझा मुद्दा हाच आहे. नाव हे मत आहे, आणि मत बदलते. ते बदलावेच, त्यातच विद्येची वाढ आहे. गाव ही मात्र घडलेली गोष्ट आहे. हा दगड अमुक खाणीत, अमुक थरात मिळाला, हे एकदा खरे लिहिले की ते पुढे कायमचे खरे. बेनेटने आपल्या स्पंजांना जी नावे दिली, त्यांतली अनेक नंतर मागे पडली आणि तिचे नमुने दुसऱ्या प्रजातींत गेले. परंतु तिने लिहिलेले ठिकाण कोणाला खोडावे लागले नाही. उलट नावे दुरुस्त करता आली ती ठिकाण ठाऊक होते म्हणूनच. कारण थरावरून काळ कळतो, आणि काळ कळला की त्या काळात कोणते स्पंज होते याच्याशी ताडून पाहता येते. ज्या दगडाला गाव नाही, त्याच्याविषयी मोठ्यात मोठा पंडितही चाचरत बोलतो.

तिच्या संग्रहाची पुढची हकिकत याची साक्ष देते. तिच्या मृत्यूनंतर त्याचा बराचसा भाग टॉमस विल्सन या श्रीमंत गृहस्थाने विकत घेतला आणि तो समुद्र ओलांडून फिलाडेल्फियाच्या निसर्गविज्ञान अकादमीत गेला. इंग्लंडमधल्या अभ्यासकांना तो हरवलाच असे वाटत होते. शंभराहून अधिक वर्षे अशी गेली. शेवटी अकादमीतल्या त्या वस्तू पुन्हा ओळखल्या गेल्या, १८३१ च्या सूचीशी ताडून पाहिल्या गेल्या, आणि १८३१ सालच्या नावांचे मूळ नमुने कोणते हे १९८९ साली रीतसर प्रसिद्ध झाले. दगड घरी असता आणि सूची नसती, तर ही ओळख पटली नसती.

एवढे काम करणाऱ्या या बाईची ओळख तरी जगाला पटली का? मॉस्कोच्या निसर्गविज्ञान मंडळाने १८३६ साली तिला सन्माननीय सभासद केले. पण एथेलड्रेड हे नाव पुरुषाचे समजून सन्मानपत्रावर लॅटिन भाषेत पुरुषाला लावायची पदवी लिहिली. विद्वान लोकांचे स्त्रियांच्या बुद्धीविषयी फार हलके मत असते, अशा अर्थाचे तिने एका पत्रात लिहून ठेवले आहे. मँटेलने मात्र १८२२ साली व्हेंट्रिक्युलाइट्सच्या एका जातीला तिचे नाव दिले, ते व्याकरण सांभाळून. आपल्या संस्कृतात षष्ठी असते तशी लॅटिनमध्येही असते, आणि 'बेनेटची' हे सांगताना बेनेट स्त्री असेल तर शब्दाचा शेवट वेगळा होतो. मँटेलने तो स्त्रीलिंगी शेवट वापरला. त्या एका प्रत्ययात ती बाई बाई म्हणून राहिली आहे. व्याकरणाच्या तासाला कंटाळणाऱ्या माझ्या वर्गबंधूंनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी!

परंतु येथेच थांबणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. बेनेट स्त्री होती तरी श्रीमंत होती. तिच्यापाशी घर होते, वेळ होता, सूची छापायला पैसा होता. खाणीत पहार मारताना जो दगड पहिल्यांदा उजेडात येतो, तो पाहणारा डोळा खाणकामगाराचा असतो. मँटेलसारख्या संग्राहकांना खाणीतले मजूर जीवाश्म आणून देत आणि त्याचे चार पैसे घेत, हे इतिहासात नोंदलेले आहे. त्या मजुरांपैकी बहुतेकांची नावे कोठेही नाहीत. दगडाचे नाव लिहिले गेले, दगडाचे गाव लिहिले गेले, दगड देणाऱ्या मालकाचेही नाव लिहिले गेले. ज्याच्या पहारेला तो लागला त्याच्यासाठी रकाना नव्हता.

रकान्याचे मला विशेष वाटते त्याला कारण आहे. महाविद्यालयात प्रवेश घेताना जो अर्ज भरतात, त्यात पालकाचे शिक्षण असा एक रकाना असतो. माझ्या वडिलांच्या नावापुढे मी 'निरक्षर' असे लिहिले. ते खरेच आहे, त्यात लाजण्यासारखे काही नाही. त्यापुढच्या व्यवसायाच्या रकान्यात 'दगडकाम' असे लिहिले. तेही खरे आहे. पण ठोकल्यावर दगड काय बोलतो ते ज्याला ऐकू येते, त्याच्याविषयी 'निरक्षर, दगडकाम' हे दोनच शब्द कागदावर राहावेत, हे मला अपुरे वाटते. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. शिकलेल्यांना जे ठाऊक असते तेवढेच ज्ञान, असे मीही मानू लागले, तर मी मिळवलेल्या विद्येने माझ्याच घराला परके केले असे होईल.

कोणी म्हणेल, मग पदवी हवी कशाला? तुझ्या वडिलांनाच प्राध्यापक करू या! हा विनोद झाला, उत्तर नव्हे. पदवीची गरज मला इतर कोणापेक्षा जास्त ठाऊक आहे, कारण ती मिळविण्यासाठी घरात काय काय सोडावे लागते ते मी रोज पाहते. शिवाय नुसत्या अनुभवाने कंटिकांचे किरण मोजता येत नाहीत. जॉर्ज हिंड या गृहस्थाचे उदाहरण पाहा. आयुष्याचा पूर्वार्ध त्याने शेतीत घालविला. पण स्पंज ओळखायचे ठरविल्यावर तो म्यूनिकला झिट्टेलच्या हाताखाली शिकला आणि मगच १८८३ साली त्याने ब्रिटिश म्यूझियममधल्या जीवाश्म स्पंजांची मोठी सूची तयार केली. बेनेटचे नमुने असोत की आणखी कोणाचे, हिंडसारखे लोक नसते तर ते कपाटात मुके पडून राहिले असते. हौशी माणसाने पंडिताचे ऐकावे, आपल्या दगडात आपल्याला हवे ते पाहण्याचा हट्ट धरू नये, हे मला मान्यच आहे. माझे म्हणणे एवढेच की, पंडितानेही हौशी माणसाला आणि मजुराला साक्षीदार मानावे, नोकर मानू नये. साक्षीदाराचे नाव कागदावर लागते.

हे सारे आपल्याला काय उपयोगाचे, असेही विचारले जाईल. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड हा लाव्हा थंड होऊन झालेला आहे. त्यात समुद्रातला स्पंज शोधायला जाणे म्हणजे वाळूतून तेल काढणे. परंतु गोळा करण्यासारख्या वस्तू फक्त दगडाच्याच नसतात. आपण कला शाखेचे विद्यार्थी. प्रकल्पासाठी आपण गावाकडून म्हणी आणतो, जात्यावरच्या ओव्या आणतो, जुने शब्द आणतो. ओवी लिहून घेतो आणि खाली 'लोकगीत' असे लिहून मोकळे होतो. कोणाच्या तोंडून घेतली, त्या बाईचे नाव काय, गाव कोणते, ती माहेरी शिकली की सासरी, यातले काही लिहीत नाही. ओवीचा अर्थ लावणारे अभ्यासक पुढे येतील आणि अर्थ बदलतील. पण गाणारीचे नाव-गाव आज लिहिले नाही, तर ते नंतर कोणालाच सापडणार नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रात हजारो ओव्या गोळा करताना गाणारीचे नाव आणि गाव नोंदविले. म्हणून त्या ओव्या आज कोणाच्या तरी आहेत.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे, आणि ती प्राचार्यांनी व प्राध्यापकांनी मनावर घ्यावी अशी विनंती आहे. आपल्या महाविद्यालयात एक कपाट असावे. विद्यार्थ्यांनी गावाकडून आणलेल्या वस्तू, दगड, ओव्यांच्या वह्या, कोणाच्या घरात पडून असलेले जुने कागद, त्यात ठेवावेत. जे जागेवरून हलवू नये, जसे वीरगळ किंवा पडक्या देवळातली मूर्ती, ते हलवू नये. त्याचे छायाचित्र आणि ठिकाण तेवढे आणावे. वस्तू काय आहे हे आज ठाऊक नसले तरी चालेल, ती जागा कोरी सोडावी. पण प्रत्येक वस्तूबरोबर एक चिठ्ठी सक्तीची असावी. त्या चिठ्ठीवर चार ओळी हव्यात. कुठे मिळाली, केव्हा मिळाली, कशाच्या शेजारी मिळाली, आणि पहिल्यांदा कोणाला मिळाली. ही चौथी ओळ कोणाच्याही बाबतीत रिकामी सोडू नये. सापडवणाऱ्याला सही येत नसेल तर त्याचे नाव आपण लिहावे आणि शेजारी त्याचा अंगठा घ्यावा. कपाटाला फारसा खर्च येणार नाही. चिठ्ठ्या लिहायला मी तयार आहे.

— द्वितीय वर्ष कला